पायलीतला चंद्र

गणेश चवथीला दिवेलागण झाली की द्वारकाबाईच्या घरात कुणी मान वर करायची नाही, असा कायदा होता. सरकारचा कायदा मोडला तर निदान वकील मिळतो. द्वारकाबाईचा मोडला तर पाणी विचारायला माणूस मिळत नसे. त्या दिवशीचा चंद्र ज्यानं पाहिला त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आलाच म्हणून समजा. खुद्द किसनदेवाला तो सुटला नाही, तिथं हर्सूलच्या माणसांची काय कथा?

आणि चुकून दिसलाच, तर उतारा एकच. शेजाऱ्याच्या पत्र्यावर खडे मारायचे. शेजारी चवताळून बाहेर येतो, शिव्या देतो, त्या मुकाट्यानं खायच्या. शिव्या पोटात गेल्या की आळ गळून पडतो.

द्वारकाबाईला हा उतारा जन्मात लागला नव्हता. तिनं दुसऱ्याला मात्र लावला होता. गावाकडं असताना एका चवथीला तिची धाकटी जाऊ रत्नमाला बैलांना पाणी पाजायला गेली आणि रडत परत आली. म्हणाली, "आक्का, मी वर बघितलंच नाय, हौदाच्या पाण्यात दिसला."

"पाण्यातला काय परका असतो? चंद्र तो चंद्र," द्वारकाबाईनं निवाडा दिला. शेजारी त्या दिवशी घरात नव्हते, म्हणून शिव्याही तिनंच दिल्या. अशा दिल्या, की गोठ्यातल्या बैलांनी वैरण सोडून माना वळवल्या. रत्नमाला आता लासूर स्टेशनला राहते, नातवंडांची आजी झाली, पण त्या शिव्या ती विसरली असेल असं मानायला द्वारकाबाई काही भोळी नव्हती.

तर यंदाची चवथ. गणपती बसला होता, आणि परवा महालक्ष्म्या बसायच्या होत्या. थोरली आणि धाकटी, दोघींचे पितळी मुखवटे सासूनं मरताना द्वारकाबाईच्या हवाली केले, तेव्हापासून त्या पेटीची किल्ली हिच्या कमरेला. थोरलीच्या नाकात मोत्याची नथ. रत्नमाला दरसाल भावकीबरोबर यायची, हात जोडायची आणि नथीकडं जरा जास्तच वेळ बघायची. गेल्या साली बोलली. तेही किती गोड!

"आक्का, मोती पहिल्यापेक्षा बारीक वाटतोय का हो?"

ते 'बारीक' द्वारकाबाईच्या दाताखाली वर्षभर खड्यासारखं अडकलं होतं. मोती तोच होता. पण 'तोच हाय' असं ओरडून सांगावं तर लोक म्हणणार, म्हातारी ओरडते का म्हणून? आणि गप्प राहावं तर म्हणणार, गप्प का? असल्या बोलण्याला तोंड नसतं आणि शेपूटही नसतं, धरावं तरी कुठं! परवा सगळी भावकी दारात येणार, पेटी उघडणार. आज चंद्र दिसणं द्वारकाबाईला बिलकूल परवडणारं नव्हतं.

म्हणून दिवसभर तिनं आपली मान देवळातल्या कासवासारखी आत ओढून ठेवली होती.

संध्याकाळी लेक गोकुळ आणि सून मेघा गल्लीतल्या मंडळाच्या आरतीला गेली. नानासाहेब, म्हणजे द्वारकाबाईचे मालक, गणपतीपुढं खुर्ची टाकून समई राखत बसले. द्वारकाबाईनं म्हटलं, तेवढ्यात कोठ्या भरून घ्याव्या. ज्या पत्र्याच्या कोठ्यांवर महालक्ष्मीचे मुखवटे बसतात त्यांत ज्वारी भरावी लागते, आणि ती पायलीनंच मापून भरायची, असा सासूचा दंडक. पाहते तर पायली जागेवर नाही.

"अहो, पायली कुठं गेली?"

"श्रेया घेऊन गेली मघाशी गच्चीवर," नानासाहेब म्हणाले.

"गच्चीवर? ज्वारीचं काय काम तिथं, कबुतरं पाळलीत का तिनं?"

श्रेया ही गोकुळची पोरगी, कॉलेजात शिकायला. द्वारकाबाईनं पदर कपाळावरून नाकापर्यंत ओढला, नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवली आणि जिना चढली. पदराखालून तिला तेवढा फरशीचा तुकडा दिसत होता. त्या तुकड्यातून चालत चालत ती कठड्याच्या बऱ्याच अलीकडं ठेवलेल्या स्टुलाशी आली. स्टुलावर पायली. पायलीत अर्धी ज्वारी, आणि ज्वारीत, देवापुढं तांदळात उदबत्ती खोवावी तसा, फोन खोवलेला.

"लक्ष्मीची पायली गं माझी!" म्हणून ती उचलायला वाकली, आणि फोनच्या काचेत तिला चंद्र दिसला.

कोयत्यासारखा वाकडा, पांढराशुभ्र, जसा काही दुधात बुडवून काढलेला. पोटाशी एक ठिणगी. द्वारकाबाईनं डोळे गच्च मिटले. पण बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. मिटल्या डोळ्यांतही तो कोयता तसाच लटकत राहिला. आणि नेमकं त्याच घडीला सगळ्या हर्सूलची लाईट गेली.

"माय गं!"

"आज्जी, हलवू नको! हात लावू नको पायलीला!" अंधारातून श्रेया ओरडली. पोरगी कठड्याकडं पाठ करून, गुडघ्यात मान घालून बसली होती. कायदा तिला पाठ होता. "फोटो चालू हाय."

"चालू हाय म्हंजी? फोटो खट् करून निघतो."

"दिवसाचा निघतो. रात्रीच्या चांदण्यांना उजेड कमी असतो ना, म्हणून फोनला डोळा लई वेळ उघडा ठेवावा लागतो. थोडा थोडा उजेड गोळा होतो मग."

"गोळा व्हायला दूध हाय का ते, डेरीला घालायला?"

"तसंच समज. आन् मधी धक्का लागला की सांडलं सगळं. म्हणून तर ज्वारीत रोवलाय. कॉलेजात स्पर्धा हाय आज्जी. रात्रीचं आभाळ, फक्त फोनवर काढलेलं. एवढ्या दिवसांनी आज जरा उघडलंय, आन् आता लाईट बी गेली. असला अंधार परत नाय घावायचा."

"आज चवथ हाय हे ठावं न्हवतं तुला?"

"होतं की! म्हणून तर पाठ करून बसले. मी बघितलंच नाय. फोननं बघितलं."

"मग चोरीचा आळ काय फोनवर यील? पोलीस काय फोनला नेत्याल?" द्वारकाबाईचा आवाज चढला, पण त्यात नेहमीची धार नव्हती. श्रेयाच्याही ते ध्यानात आलं.

"आज्जी, तुला काय दिसलं का?"

द्वारकाबाई गप्प. द्वारकाबाई गप्प होणं म्हणजे लाईट जाण्यापेक्षा मोठी बाब. शेवटी म्हणाली, "कोयता दिसला."

श्रेया जराशी विचारात पडली. मग म्हणाली, "आज्जी, पण तो चंद्रच असंल असं काय नाय. मी फोन लावला तवा तिकडं ढग होता. आन् त्याच बाजूला मोहल्ला हाय. ईद जवळ आली ना, त्यांनी रोषणाई केलीय. टाकीवर तारेचा हा एवढा मोठा चाँद बसवलाय, लाईटचा. तोच दिसला असंल तुला."

द्वारकाबाईला एकदम हायसं वाटलं. तारेचा चाँद म्हणजे काय, लग्नातल्या कमानीचा भाऊ. त्याचा आळाशी काय संबंध? "मग असं आधी सांगावं. पण तू त्याच बाजूला कशाला लावला फोन?"

"दुसऱ्या बाजूला जेलचे दिवे. चांदण्या दिसतच नाय तिकडं."

"बरं. मग तारेचाच न्हवं? नक्की?"

"नक्की कसं सांगू? मी पाठ करून बसले होते."

"आता बघ."

"आता लाईट गेली. तारेचा असंल तर विझला असंल. खराखुरा असंल तर तिथंच असंल. वर बघितलं की लगेच कळंल."

"बघ की मग."

"मी? आन् खरा निघाला तर? माझी परीक्षा हाय पुढल्या महिन्यात, कॉपीचा आळ आला म्हंजी? तूच बघ. तुझं तर असं बी बघून झालंय."

 पोरीचं बोलणं बरोबरही वाटत होतं आणि कुठंतरी घसरतही होतं. चंद्र पाहिलेला नाही, ही खात्री करायला चंद्र पाहावा लागतो. नसला तर सुटलो, असला तर आता पक्के बुडालो. मग आधीचं बुडणं कच्चं होतं का? कच्चं असेल तर ते पक्कं कशाला करा? आणि न बघता बसावं, तर परवापर्यंत ह्या दाताखालच्या खड्याला आणखी एक खडा मिळाला. तिचं डोकं जात्यासारखं गरगरलं. दळण मात्र काही पडेना.

ती पदर तसाच धरून, भिंत चाचपत खाली आली. समईच्या उजेडात नानासाहेब तसेच बसले होते. तिनं सगळं सांगितलं. नानासाहेबांची सवय अशी, की बोलायच्या आधी ते ओठ हलवून बघायचे, बोलणं बसतं का म्हणून. ओठ हलवून झाल्यावर म्हणाले, "हौदातला चंद्र तो चंद्रच, असं तूच म्हणाली होतीस."

"हौदात पाणी असतं."

"फोनात काच असते. पाणी आन् काच, बहिणी-बहिणीच त्या."

"पण तो तारेचा असला तर?"

"मग नाय."

"आन् खरा असला तर?"

"मग हाय."

"अहो, हे तर मला बी कळतं!" द्वारकाबाईनं पाटावर बसकण मारली. "ते जाऊ द्या. उतारा करून टाकू. असंल तर फिटंल, नसंल तर वाया जाईल, शिव्यांना काय तोटा हाय का जगात? द्या."

"काय?"

"शिव्या. मला. तुम्हीच द्या, घरातल्या घरात भागंल."

नानासाहेबांनी तिच्याकडं बघितलं. इतकी वर्षं ह्या बाईपुढं त्यांनी घशाखाली किती गिळलं होतं ते त्यांना आणि गणपतीला माहीत. आज खुद्द बाई म्हणते, दे. त्यांनी घसा खाकरला. खुर्चीत सरळ बसले. "तू..."

"हां, तू. चालू द्या."

"तू लई..."

"लई काय?"

नानासाहेबांचे ओठ बराच वेळ हलले. "तू लई कष्ट काढलेस," ते म्हणाले.

द्वारकाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. समईची वात पुढं सारली, गरज नसताना. "नको तवा कवतिक," असं पुटपुटली आणि पदरानं नाक पुसत पुन्हा जिन्याकडं गेली.

आता शेजार. गच्चीच्या पलीकडं, खालच्या अंगाला, सखूबाईचं पत्र्याचं घर. सखूबाईचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेले; आता तिचा नवरा सूर्यभान रोजंदारीला जायचा आणि दारात चार शेळ्या होत्या. पत्रा कसा खणखणीत, खडा पडला की पार जळगाव रोडला ऐकू जावं. द्वारकाबाईनं तुळशीच्या कुंडीतून मूठभर खडे उचलले.

"आज्जी, फोनच्या पुढून जाऊ नको!" श्रेया गुडघ्यातूनच म्हणाली.

"तुझा फोन मसणात गेला. माझी अब्रू चाललीय हितं." मान खाली, पदर खाली, द्वारकाबाई कठड्याशी गेली आणि तिनं हात उगारला.

खण्ण! शेळ्या बेंबाटल्या. दुसरा खडा, तिसरा. सखूबाई फोनची बॅटरी घेऊन बाहेर आली आणि तिनं सुरुवात तर फार झकास केली.

"कोण हाय रं ते? कुणाचा मुडदा बशिवला..."

द्वारकाबाईच्या जिवाला गार वाटलं. पण बॅटरीचा झोत वर आला, हात उगारून उभ्या असलेल्या द्वारकाबाईवर पडला, आणि शिवी तिथंच मोडली.

"...माय! काकू, तुमी व्हय? काय झालं? साप निघाला का?"

"थांबलीस का? पुरी कर!"

"काय पुरी करू?"

"शिवी! अर्धीच दिलीस."

"काकू, मला काय ठावं तुमी हाव म्हणून? चुकलं माझं. पाया पडते." सखूबाई दोन पावलं पुढं आली. "तुमाला शिवी दिली तर जीभ झडंल माझी. माझ्या रूपाच्या बाळंतपणात रात्र रात्र बसला होता तुमी. सख्खी आय बसत नाय."

"अगं ते मरू दे! मी तुझ्या पत्र्यावर दगड मारले, शेळ्या बुजवल्या तुझ्या. राग यिना का तुला?"

"तुमी मारले म्हंजी कायतरी बऱ्यासाठीच मारले आसत्याल."

मग मात्र द्वारकाबाईचं टाळकं सरकलं. "अगं मुखदुर्बळे, ठोंब्ये! तुझ्या तोंडात काय जीभ हाय का पायपुसणं? एक काम सांगितलं तर ते धड व्हईना तुझ्याच्यानं! कुणी घर लुटून नेलं तरी पाट मांडशील त्याला, येडपट कुठली!"

सखूबाई बॅटरी खाली करून, हात जोडून, सगळं शेवटपर्यंत ऐकून उभी राहिली. "म्हणा काकू. थोरामोठ्यांच्या शिव्या म्हंजी आशीर्वाद," ती म्हणाली, आणि शेळ्यांना चुचकारत आत गेली.

द्वारकाबाई अंधारात उभी राहिली. जेवायला म्हणून गेली आणि वाढून आली! अर्धी शिवी मिळाली होती खरी. पण ती 'कुणाचा' होती, 'तुझा' नव्हती. अर्धी आणि वर बेवारशी. ती चालते का? आणि आपण ज्या दिल्या त्या उलट्या मोजायच्या का? तिला कुणी सांगेना, आणि विचारावं तरी कुणाला, ह्या बाबतीत आजवर लोक तिलाच विचारायला यायचे.

जगात आपल्याला मनापासून शिवी देईल असं कोण आहे? ती जिन्यात मधल्या पायरीवर बसून विचार करू लागली आणि एकच नाव पुढं आलं. ते नाव नको नको म्हणून तिनं तीनदा बाजूला सारलं, पण ते मांजराच्या पिलासारखं पुन्हा पायात.

खाली येऊन तिनं नानासाहेबांचा बटणाचा फोन त्यांच्या हातात दिला. "लावा रत्नमालेला. आन् त्याचा मोठा आवाज करा. तुम्ही साक्षीला."

लासूरला रत्नमालेनं उचलला. "आक्का? या वेळेला? सगळं बरं हाय न्हवं?"

द्वारकाबाईनं ठरवलं होतं, कारण सांगायचं नाही, नुसतं खाजवायचं. "रत्ना, बरी आठवण झाली. मागल्या साली तुझ्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या, अजून दात दुखतोय माझा. पोळ्या होत्या का चपलेचे तळवे?"

पलीकडून उत्तर यायच्या आत तिनं पुढचं काढलं.

"आन् तुझ्या सुनेला म्हणावं, घर झाडत जा. मागं आले तवा तुझ्या घरातलं जळमट माझ्या गळ्यात हारासारखं पडलं."

 मग रत्नमाला हळूच म्हणाली, "आक्का, आज चवथ हाय."

"मग?"

"चंद्र दिसला व्हय तुम्हाला?"

 खोटं बोलावं, तर समोर गणपती. "नक्की नाय," ती म्हणाली.

"कशात दिसला?"

"श्रेयाच्या फोनात. पण तो मोहल्ल्यातला तारेचा असंल. ढग होता."

लासूरहून असं हसू आलं, की नानासाहेबांनी फोन जरा लांब सरकवला. "फोनात! आक्का, चंद्र तो चंद्र. माझा निवाडा न्हाय हो हा, तुमचाच हाय."

"बरं, झालं हसून? मग दे शिव्या. तुला बी हौस असंलच."

"हौस?" रत्नमालेचा आवाज खव्यासारखा गोड झाला. "लई जपून ठेवल्यात आक्का, मुरांब्यावाणी. पण तुमच्यासारख्या थोरलीला मी कशी शिवी देऊ? लोक काय म्हणत्याल? एक करा. महालक्ष्म्या औंदापासून लासूरला बसवू. मुखवटे माझ्याकडं येऊ द्या. मग बघा, पोटभर वाढते. आन् नाय तर मी आपली लाडानंच बोलंन. परवा यीन, पेटी उघडाल, मोती तेवढा सगळ्यांसमोर हातात घेऊन बघंन. बारीक हाय का मोठा."

म्हणजे आळ येणार तो ह्याच वाटेनं. परवा, भर भावकीत, गोड आवाजात. द्वारकाबाईला तो आळ आत्ताच पेटीपाशी वाकलेला दिसला. देऊन टाकावे मुखवटे? सासूनं हात धरून दिलेले. न द्यावे, तर सासूच्या नथीची चोर म्हणून मरावं. आणि हे सगळं कशापायी, तर पायलीतल्या एका कोयत्यापायी, जो कदाचित तारेचा होता. तिचा हात आपसूक कमरेला गेला. किल्ली हाताला लागली, अंगाच्या उबेनं कोमट झालेली. बराच वेळ ती किल्ली चाचपत राहिली.

आळ कुणावर येतो? पेटी ज्याच्या घरात त्याच्यावर नाही. किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्यावर.

"रत्ना," ती म्हणाली, आणि नानासाहेबांनी चमकून वर पाहिलं, कारण हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. "मुखवटे हितंच बसत्याल. ते हलायचे नाय. पण किल्ली मात्र आजपासून तुझी."

"काय?"

"उद्या सकाळी गोकुळ लासूरला यील, चार शेजारणींच्या देखत किल्ली तुझ्या हातात दील. तू कमरेला लाव. परवा तू ये आन् तूच पेटी उघड, सगळ्यांच्या आधी. किती वर्सं मीच मिरवायचं?"

 "आक्का... खरं म्हणता? माझ्या हातानं?"

"तुझ्याच. आन् पेटी उघडल्यावर मोती मोठा निघाला, तर साल झालं तू मला बारीक बारीक म्हणतीस त्याचं काय, ते भावकी तुलाच पुसंल. आन् बारीक निघाला, तर किल्ली कुणाकडं होती, ते बी तुलाच पुसंल. आता मोती कसा निघावा म्हणतीस? तू ठरीव."

 समई तडतडली. मग फोनमधून पहिल्यांदा एक श्वास आला, लांब, बैलानं सोडावा तसा. आणि त्याच्यामागून ते सगळं आलं.

"अगं ए कैदाशिणी! अगं सटवे! मेलीस तरी सरणावरून दुसऱ्याचीच लाकडं मोजशील तू!" आजवर रत्नमालेनं थोरल्या जावेला 'तुम्ही'शिवाय हाक मारली नव्हती. ते 'तुम्ही' त्या रात्री जे गेलं, ते गेलंच. "हौदावर मला जे बोललीस, ते काय विसरले का मी, हडळे? सासूला गुंडाळलंस, नवऱ्याचा बैल केलास, आन् आता मला पिंजऱ्यात घालतीस व्हय? तुझ्या जिभेला कावळा सुद्धा शिवायचा नाय, टवळे! तुझ्या तोंडात माती! अवदसा कुठली!"

द्वारकाबाई डोळे मिटून, पदर सावरून, पाटावर मांडी घालून ऐकत होती. उपासाच्या दिवशी पहिला घास पोटात जावा तसा तिचा चेहरा होत चालला. मधेच तिनं नानासाहेबांना खूण केली: ऐकताय न्हवं? नानासाहेबांनी मान हलवली. ते तर फार मन लावून ऐकत होते.

रत्नमाला दमली. आणि मग तिच्या ध्यानात आलं. "आक्का," ती बारीक आवाजात म्हणाली, "मी दिल्या व्हय शिव्या?"

"दिल्यास की. लई मुरलेल्या होत्या."

"पण फोनवरच्या चालत्यात का?"

"फोनातला चंद्र चालतो तर फोनातली शिवी का चालू नये?"

पलीकडं आधी हुंदका आला, का हसू, ते द्वारकाबाईला नीट कळलं नाही. "किल्ली तरी खरीच पाठवणार हायेस का, का ती बी थाप?"

"द्वारकाबाईचा शब्द हाय," द्वारकाबाई म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर तिनं कमरेची किल्ली सोडून समईपाशी ठेवली. कमरेला एकदम काहीतरी कमी झालं, बसल्या जागी तोल गेल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात लाईट आली. दूरवर मंडळाचा भोंगा पुन्हा बोलू लागला. जिन्यावरून श्रेया धावत खाली आली, काखेत पायली, हातात फोन. "आज्जी, काय केलंस तू हे! बघ, बघ!"

"चंद्र हाय का त्यात? मी नाय बघणार."

"दिसतच नाय चंद्र. बघ तू."

द्वारकाबाईनं एक डोळा उघडला. काचेत आभाळ होतं. उभ्या जन्मात दिसल्या नव्हत्या एवढ्या चांदण्या, आणि प्रत्येकीला बारीकशी शेपटी, जसं कुणी ओल्या बोटानं पुसत नेलं. आणि त्या आभाळापुढं एक बाई उभी. धुरकट. तोंड नाही, नुसता पदर, आणि पदराच्या आरपार चांदण्या दिसत होत्या. एक हात वर उगारलेला, मूठ आवळलेली, आणि मुठीच्या कडेनं पांढरा उजेड सांडत होता.

"ही कोण?" द्वारकाबाईनं घाबरून विचारलं.

"तूच की. सखूमावशीनं बॅटरी मारली तेवढ्या वेळापुरती आलीस."

"मी अशी पोकळ हाय?"

"फोनला तशी दिसलीस."

"आन् तो कोयता कुठाय?"

"तुझ्या मुठीमागं. तिथंच होता. खरा का तारेचा, आता कळायचं नाय. बॅटरीनं उजळलेल्या मुठीनं तू नेमका झाकलास."

नानासाहेब चष्मा लावून वाकले. त्यांनी ओठ हलवून बघितले आणि मग म्हणाले, "आभाळातलं कायतरी चोरून पळत्यासारखी दिसतीस."

द्वारकाबाई पाटावरून ताडकन उठली.

"आला!" द्वारकाबाई म्हणाली. "आला बघा आळ! नवऱ्याच्याच तोंडून आला." मग थांबली. "पण शिव्या तर आधीच खाल्ल्या. मग हा कसा आला? का शिव्या खाल्ल्या म्हणून एवढ्यावरच भागलं? का तो खराच होता? का..." तिनं नानासाहेबांकडं पाहिलं, नानासाहेबांनी गणपतीकडं पाहिलं, आणि गणपतीनं नेहमीप्रमाणं सगळ्यांकडं.

द्वारकाबाईची उजवी मूठ मघापासून आवळलेलीच होती. तिनं ती हळूच, कुणाला दिसणार नाही अशी, पदराखाली उघडून पाहिली. तुळशीच्या कुंडीतला एक खडा होता, फेकायचा राहिलेला.

"स्पर्धेला पाठवू का हा?" श्रेयानं विचारलं. "बिघडलाय, पण असला कुणाचाच नसंल."

"पाठव. पण खाली माझं नाव घालू नको. आन् ती पायली हिकडं आण, ज्वारी भरायचीय." खडा तिनं समईपाशी, किल्लीच्या शेजारी ठेवला, आणि थोडा वेळ दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिली, उद्या गोकुळच्या हाती ह्यातलं नेमकं काय पाठवायचं आहे ते विसरल्यासारखी.